तेरा जर्सी

आमच्या गावच्या रग्बी लीग क्लबच्या तेरा जर्सी माझी बायको ऑड्री एकतीस वर्षं दर सोमवारी घरी हाताने धुवायची. क्लिफर्ड कप्तान असताना गाठोडं तोच आणायचा आणि तिच्या हातचा चहा पीत म्हणायचा, “रक्त माझं आहे ऑड्री, चिखल तेवढा समोरच्यांचा!”

ती गेली, तेव्हा तो क्लबचा इतिहास लिहीत होता. थडग्यापाशी माझा हात धरून म्हणाला, “तिचं नाव पुस्तकात येणार, बघच तू.”

काल पुस्तक निघालं. घरी येऊन मी चष्मा लावला आणि पानापानावर तिला शोधलं.



पान अठ्ठ्याऐंशीवर क्लिफर्डने लिहिलं होतं, ‘त्या काळी आम्ही खेळाडू आपापल्या जर्सी स्वतःच धुवायचो.’