सगळ्यांचा एकच आवाज

"बाबा, अहो मी रेवती बोलतेय," मुलगी फोनवर पुन्हा म्हणाली, तसा हेरंब साठ्यांनी फोन कट केला. "कोणीतरी फसवतंय. ही आपली रेवती नाही," ते बायकोला, शरयूला म्हणाले.

हेरंबांना कानात बसवलेल्या यंत्रामुळेच ऐकू यायचं, आणि आज सकाळपासून त्यांना शरयू, शेजारी, बातम्या, सगळ्यांचा एकच सपाट आवाज ऐकू येत होता.

कारण शरयूला आता उमगलं. घरातलं बोलणं यंत्राच्या कंपनीकडे जातं, म्हणून तिने काल कॉम्प्युटरवर खासगीपणा जपणारं सॉफ्टवेअर चालवलं होतं. त्याने बाहेर जाणारी माहिती अडवली, आणि न विचारता यंत्राच्या सेटिंगमधली 'ओळखीचे आवाज' ही सोयही बंद करून टाकली; कंपनीकडे बोलणं पाठवूनच ती प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकवायची.

"ती सोय परत चालू केली, तर कंपनी पुन्हा सगळं ऐकणार," ती म्हणाली.

हेरंब खोलीत येरझारा घालत होते. "तुझा आवाजसुद्धा तुझा वाटत नाही गं. ऐकू दे त्यांना."

तिने सेटिंग बदललं. थोड्या वेळाने रेवतीचा पुन्हा फोन आला.

"बाबा?"

आवाज तिचाच होता, रडून बसलेला. हेरंबांचे डोळे भरून आले.

"बाबा, जे सांगणार आहे ते फक्त तुम्हा दोघांना. बाहेर कुणाला कळता कामा नये."

हेरंबांनी शरयूकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"बोल बाळा," ते म्हणाले.