फटीमागचे पट्टे

१९३५ च्या उन्हाळ्यात अमरावतीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या उत्तमरावांनी पत्र्यातल्या दोन बारीक फटींतून बराच वेळ उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहत त्या जुळवल्या. मग घरातली खोली अंधारी केली, आणि मंद दिव्यातून प्रकाशाचा एकेकटा कण आला तरी समोरच्या भिंतीवर काळे-पांढरे पट्टे उमटतात का, हे पाहायला बसले.

"शकुन, पट्टे दिसून राहिले!" ते आनंदानं बायकोला म्हणाले.

खात्रीसाठी त्यांनी एक फट झाकली. पट्टे दोन फटींतला प्रकाश एकमेकांत मिसळूनच उमटतात, म्हणजे आता ते जायला हवे होते. ते गेले नाहीत.

"दिवा इझव बरं."

"अहो, तो तं कवाचाच इझला."

उत्तमरावांनी चाचपडत जाऊन खिडकी उघडली.

 

भर दुपारच्या उन्हात तेच पट्टे शकुनच्या चेहऱ्यावर होते, आणि त्या पट्ट्यांमागं तिचे डोळे उत्तमरावांना काही केल्या सापडेनात.