फ्लोरिडा आणि खालचा पलंग

सव्वाअकराला रेडिओवर फ्लोरिडा बुशला गेलं आणि सतीशनं अंबादासची गादी गुंडाळायला घेतली.

"तात्या, उठा. खालचा पलंग माझा."

अंबादास उठला नाही. "खैरुद्दीन, नीट ऐक रे बाबा. पहाटे पाचला हेच फ्लोरिडा गोरला दिलं होतं."

"सात बजे वापस लिया था," खैरुद्दीन म्हणाला. खोलीत इंग्रजी कळणारा तो एकटा, आणि साइटवरही खिशात असणारा रेडिओ त्याचाच. त्यामुळे दुबईतल्या सोनापूर कामगार कॅम्पातल्या त्या खोलीपुरता अमेरिकेचा निवडणूक आयोग म्हणजे तोच. "अब बुश को दिया. उसी एक स्टेट पे पूरा अमेरिका अटका था. खलास."

खोलीत खालचे-वरचे मिळून पलंग बारा, माणसं अकरा. वरच्या पलंगावरचा दत्ताराम रजेवर गावी गेलेला. सगळे स्लॅबच्या रात्रपाळीहून आलेले, झोपायच्या वेळेला टक्क जागे. गावी दोन वर्षांत दोनदा लोकसभेची निवडणूक झाली, त्यात या अकरांपैकी एकाच्याही बोटाला शाई लागली नव्हती. फ्लोरिडात मात्र प्रत्येकाचा जीव अडकला होता. पैज पैशांची नव्हती, ती पोलिसांना चालत नाही. अंबादासच्या खालच्या पलंगाची होती: हरला तर त्यानं सतीशच्या वरच्या पलंगावर जायचं. सतीशनं बुश धरला म्हणून अंबादासनं गोर धरला. याहून खोल राजकारण त्यात नव्हतं.

पैज नाकारता आली असती. पण "का तात्या, वर चढायचं भ्या वाटतं काय?" असं सतीशनं चारचौघांत विचारलं, आणि अंबादासला खरंच भ्या वाटत होतं. दोन महिन्यांपूर्वी परांचीवरून घसरल्यापासून उजवा गुडघा वजन घेत नव्हता. साइटवर तो जमिनीलगतच्या सळया बांधायचं काम मागून घेई. खोलीत खालचा पलंग होता, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. चार पायऱ्यांची शिडी चढता येत नाही हे एकदा कॅम्प बॉस जहूरच्या नजरेला पडलं, की बातमी ऑफिसात जाणार, ऑफिसातून व्हिसा कॅन्सल, आणि आठवड्याच्या आत माणूस गावी.

अंबादासनं वेळ काढत आधी आंघोळ केली. मग कपडे धुतले. धुतलेले पुन्हा धुतले. पाऊण वाजता सतीशनं त्याची गादी वर फेकली आणि त्याच्या मानगुटीला धरलं.

"चला वर. लोकशाही आहे."

अंबादासनं पलंगाखालून कुकरचं झाकण ओढलं आणि लोकशाहीच्या कपाळावर घातलं.

भुवई फाटली. सतीशच्या डोळ्यात रक्त उतरलं, पण पोरगं क्रेनखाली काम करणारं; त्यानं न बघताच तात्याला भिंतीवर आपटलं. अंबादासनं त्याचा कान दातांत धरला आणि सोडला नाही. दोघं खाली पडले, उठले, बादलीसकट पडले. कुणीतरी सोडवायला गेलं, त्याचा एक दात पडला. मग कुणी गेलं नाही. शेवटी सतीशनं दिसेल तिथं लाथ घातली. ती उजव्या गुडघ्यावर बसली आणि आत काहीतरी ओलं लाकूड मोडल्यासारखं वाजलं.

अंबादास ओरडला नाही. उशी तोंडात कोंबून तो घामाघूम पडून राहिला. सतीशनं दुसरी लाथ उचलली होती. त्यानं गुडघ्याकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, आणि पाय हळूच खाली ठेवला.

"ठहरो," खैरुद्दीन म्हणाला. "वापस लिया."

"काय?"

"फ्लोरिडा. बुश से भी वापस लिया. किसी का नहीं है. दोबारा गिनेंगे."

आणि दारात जहूर उभा होता. त्यानं फरशीवरचं रक्त पाहिलं, झाकण पाहिलं. कशावरून, असं विचारलं. खैरुद्दीननं सांगितलं. जहूरनं रेडिओकडे बोट केलं.

"गिनती कब तक?"

"अल्ला जाने."

"तो तब तक नीचे कोई नहीं सोएगा. एक अपने ऊपर, एक दत्ताराम के ऊपर. मेरे सामने चढ़ो. पहले बुड्ढा. यल्ला, जल्दी."

अंबादास शिडीपाशी गेला, गज धरून, जमेल तितका ताठ. डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. आता उजव्यानं वजन घ्यायचं होतं, आणि ते उजव्याला मान्य नव्हतं. जहूर पुढं सरकला. "क्या हुआ पाँव को?"

तेवढ्यात सतीश मागून धावून आला आणि त्यानं अंबादासच्या ढुंगणाखाली खांदा घातला.

"चढ की म्हाताऱ्या! माझा पलंग खातोस?" तीन वर्षांत पहिल्यांदाच तो अरे-तुरेवर आला होता. आईवरून एक शिवी आणि एक रेटा: दुसरी पायरी. बापावरून एक: तिसरी. अख्खा माणूस खांद्यावर तोलून त्याचे पाय थरथरत होते, आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं की मुडदा पाडतोय.

"ए, हात नीचे," जहूर म्हणाला. "अभी पेट नहीं भरा?"

"सोडणार नाही याला," सतीश म्हणाला आणि शेवटचा रेटा दिला.

अंबादास वरच्या पलंगावर पालथा पडला. वळून त्यानं खाली पाहिलं. सतीशचं तोंड रक्तानं माखलेलं, छाती भात्यासारखी चाललेली. जहूर अजून दारातच होता, बघत.

अंबादासनं डावा पाय खाली सोडला, अंदाज घेतला, आणि सतीशच्या खांद्यावर बेताची एक लाथ घातली, जहूरला नीट दिसेल अशी.