डोक्याकडच्या साखळ्या

"नवा नाय चालायचा," बयाबाईंनी काचेच्या नळ्या विसळता विसळता सांगून टाकलं. "पयल्या लेकराला पाळणा कसा पायजे, तर कुणाचं तरी धडधाकट लेकरू निजलेला. दुकानातला कोरा पाळणा आधीच आणून ठेवीत नसतात."

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाणी तपासायची प्रयोगशाळा होती, तिथे दुपारचा चहा चालला होता. त्यांच्यातल्याच पूजाला सातवा महिना लागला होता. शुक्रवारी सगळ्या मिळून तिचं डोहाळजेवण करणार होत्या. आज ती तपासणीसाठी दवाखान्यात गेली होती, म्हणून भेट आजच ठरवायची होती.

"मग भिंतीवरचं घड्याळच देऊ," दिशा म्हणाली. "लग्नात पाच आलीत तिला. सहावं बाळाच्या नावानं."

सगळ्या हसल्या. सगळ्यांची मॅडम, प्रयोगशाळेची प्रमुख सुवर्णा, तेवढी हसली नाही.

"माझ्याकडे आहे एक पाळणा," ती म्हणाली. "सागाचा."

हसणं थांबलं. मॅडमना मूल नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बयाबाईंनी हातातली नळी खाली ठेवली.

"कोण निजलेलं त्यात?"

"माझा भाचा. ललित."

"मग झालं तर. गादी आन् वर टांगायचं चिमणाळं आमच्याकडनं."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत सुवर्णानं नोंदवहीत एकही आकडा मनानं लिहिला नव्हता. खोटं इतकं सहज बोलता येतं, याचंच तिला नवल वाटलं. पण पूजा तिच्या डोळ्यांसमोर लहानाची मोठी झाली होती. बी.एस्सी.ला असताना ती सुवर्णाचीच पुस्तकं वापरायची. निदान तिचं तरी बाळ त्या पाळण्यात झोपावं, एवढंच सुवर्णाला हवं होतं.

पाळणा तिनं एक्याऐंशी साली आणला होता, स्वतः निवडून, सातव्या महिन्यात. "इतक्यात नको गं आणूस," सासूबाई म्हणाल्या होत्या. "लाकडाला काय कळतंय?" असं म्हणून तिनं तो क्वार्टरच्या मधल्या खोलीत टांगून घेतला. आठव्या महिन्यात सगळं संपलं. लाकडाला काही कळत नाही, हे तिला तेव्हाही पटत होतं. तरी सासूबाईंचं वाक्य तिला कधी खोडता आलं नाही.

पाळणा काढायचा धीर कुणाला झाला नाही. सहा महिने तो तसाच टांगलेला होता. सुवर्णा सकाळी कामाला जायची, संध्याकाळी कुलूप उघडायची. आणि कधी कधी त्या खोलीत तिला तान्ह्या बाळाचा वास यायचा. धुरीचा. वेखंडाचा. पदार्थाशिवाय वास येत नाही, हे शिकलेली बाई ती. म्हणून तिनं ते कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. मग एका रविवारी नवऱ्यानं पाळणा माळ्यावर टाकला आणि वास थांबला.

आता तो माळ्यावरून उतरवला, तर पितळी साखळ्या काळ्या पडलेल्या. घासू लागायला सिंधुबाई आल्या, पूजाची आई. पूजाला नोकरी लागेपर्यंत वीसेक वर्षं त्यांनीच सुवर्णाकडची भांडी केली होती. रोज दुपारी यायच्या. घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची.

"चिंच हाय ना घरात? बस झाली," म्हणत त्यांनी मोरीत बैठक मारली.

सुवर्णा दारात उभी राहिली.

"सिंधुबाई, मी सगळ्यांना खोटं सांगितलंय. ललित या पाळण्यात कधी झोपला नाही. कुणीच झोपलेलं नाही. कोराच आहे तो. बाळ तुमच्या लेकीचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर परत माळ्यावर टाकते."

सिंधुबाईंनी मान वर केली नाही. चार साखळ्यांमधल्या दोन वेगळ्या काढून त्यांनी बाजूला ठेवल्या.

"ह्या दोन डोक्याकडं लावा ताई. एकेका कडीनं आखूड हायेत. पायाकडं लावल्या तर लेकराचं डोकं खाली जातं."

सुवर्णानं साखळ्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या. खरंच एक कडी कमी होती. पाळणा तिनं निवडला, तिनं टांगून घेतला, आणि हे तिला माहीत नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

नळ वाहत होता. सिंधुबाईंनी तो बंद केला.

"पूजा दीड महिन्याची होती. घरी सांभाळायला कुणी नाय. तुमच्याकडं भांड्याला यायचे, तर पदराखाली घेऊनच यायचे. एक दिस खाली फरशी लय गार होती, म्हणून ठिवली ह्याच्यात. मग रोजच ठिवायला लागले. तुम्ही यायच्या आत उचलायचे." त्यांचे हात चिंचेत तसेच राहिले होते. "सांगणार कुठल्या तोंडानं? तुमचं गेलेलं, माझं जितं. रागावू नका ताई."

सुवर्णा तिथंच उंबऱ्यावर बसली. मग तिनं एवढंच विचारलं, "धुरी देऊन आणायचात तिला?"

"तर! रोज न्हाऊ घालून, ओव्याची, शेपांची धुरी. टाळूवर वेखंड. का वो ताई?"

"काही नाही," सुवर्णा म्हणाली. "मला वास यायचा."