बसला वळायला जागा

कुलूप काही केल्या उघडेना. शेवटी समोरच्या शिवणाच्या दुकानातून वहिनी मशिनच्या तेलाची बाटली घेऊन आल्या. दोन थेंब पडले तेव्हा कुठे किल्ली फिरली. सगळे आत गेले, खुर्च्यांवरची धूळ रुमालांनी झटकली, कुणीतरी चहा सांगितला आणि वस्तीसमितीची महिन्याची बैठक सुरू झाली.

वहिनी परत गेल्या नाहीत. मागच्या खुर्चीवर बसून राहिल्या. त्या सभासद नव्हत्या, पण आजच्या बैठकीचं त्यांच्याएवढं कुणालाच पडलेलं नव्हतं.

बस मोठ्या रस्त्यावरूनच परत फिरायची. तिथवर वहिनी नवऱ्याची चाकाची खुर्ची आठवड्यातून तीनदा ढकलत न्यायच्या, दवाखान्यासाठी. आता बस वस्तीत यायला तयार होती, फक्त तिला वळायला जागा हवी होती. बसखात्याच्या मोजणीदाराने चार जागा काढल्या होत्या. त्यातली एक पाडायची. कोणती ते समितीने आज ठरवायचं, नाहीतर बस पलीकडच्या वस्तीला जाणार.

चारांत आपलं दुकान असणारच, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. दुकानाचा कोपरा चांगला दोन हात रस्त्यात आलेला. बस आली तर पोट जाणार, पोट राहिलं तर बस जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

चिटणीसबाईंनी चार बंद पाकिटं टेबलावर मांडली. तीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेल्या या बाई कामापुरतंच बोलत.

पाकिटांची भानगड जुनी होती. दोन वर्षांपूर्वी कचराकुंडी कुणाच्या दारात ठेवायची यावरून बैठकीत हातघाई झाली होती. तेव्हापासून नियम झाला. जागेचं नाव पाकिटात झाकायचं, नुसती माहिती वाचायची, हात वर करायचे आणि सह्या झाल्या की मगच नाव उघडायचं. जागा बघायला कोणी जायचं नाही. उंटावरून शेळ्या हाकायची ही पद्धत अध्यक्षांनीच काढलेली, आणि तिचा त्यांना भारी अभिमान.

"जागा क," चिटणीसबाईंनी वाचलं. "घर. सहा माणसं, त्यात एक तान्हं मूल."

"पुढे," अध्यक्ष म्हणाले.

"जागा ख. दुकान. एक बाई चालवते. घर त्यावरच चालतं."

वहिनींनी तेलाच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

"जागा ग. पाण्याची टाकी. चाळीस घरांना पाणी जातं. जागा घ. एक खोली. राहतं कोणी नाही. महिन्यातून एकदा उघडते, दोन-तीन तास. धंदा नाही, माल नाही. आतून भांडणाचे आवाज येतात, अशी शेजाऱ्यांची तक्रार आहे."

कोणीतरी खुसकन हसलं. सगळ्यांच्या माना गॅरेजवाल्याकडे वळल्या. त्याच्या गॅरेजमागे एक बंद खोली होती आणि पगाराच्या दिवशी तिथे पत्त्यांचा डाव बसतो, हे साऱ्या वस्तीला माहीत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. गॅरेजवाला कपातला चहा ढवळत बसला. त्यात साखरसुद्धा नव्हती.

"खोलीवाल्याची बाजू तरी ऐकू या," मास्तर म्हणाले.

"बाजू कसली, मास्तर?" अध्यक्षांचा आवाज चढला. "चार रिकामटेकडे जमतात, चहा ढोसतात, एकमेकांच्या उरावर बसतात आणि घरी जातात. वस्तीला त्याचा काडीचा उपयोग नाही."

"अहो, पण रीत म्हणून..."

"रीत मला शिकवू नका तुम्ही!"

दोघेही उभे राहिले. तेवढ्यात पलीकडच्या घरातून भिंतीवर तीन धपाटे पडले. अध्यक्ष खाली बसले आणि हळू बोलू लागले.

मागून वहिनींचा आवाज आला. "मला बोलायचा हक्क नाही, भाऊ. पण ज्याचं जाईल त्याला वाईट वाटणारच. मला माझ्या दुकानाचं वाटलं असतं."

अध्यक्षांनी जागा घ मताला टाकली. मग एकेक हात वर झाला. सहा झाले. सातवा गॅरेजवाल्याचा राहिला होता. त्याने कप खाली ठेवला.

"पाडा," तो म्हणाला आणि हात वर केला. "मला पहिला पाना वहिनींच्या मालकांनीच हातात दिला होता. त्यांची ती खुर्ची वहिनींनी किती दिवस ढकलायची?"

वहिनींनी पदराने डोळे पुसले. आपल्यासाठी कोणी स्वतःची खोली सोडून देईल, असं त्यांना आयुष्यात वाटलं नव्हतं.

"लिहा, बाई," अध्यक्षांनी सांगितलं. "जागा घ, एकमताने. मालकाला अपील नाही. आणि किल्ली आजच्या आज तुमच्या ताब्यात. उद्या हे लोक शब्द फिरवतील."

"शब्द फिरवतील," चिटणीसबाईंनी विचारलं, "हेही लिहू?"

"लिहा ना. मी कुणाला भितो काय?"

त्यांनी ते लिहिलं. सातही जणांच्या सह्या घेतल्या. अध्यक्षांनी सही तेवढी मोठी केली. मग बाईंनी चौथं पाकीट फोडलं, कागद वाचला, घडी घालून परत ठेवला आणि अध्यक्षांपुढे हात पसरला.

"किल्ली द्या," त्या म्हणाल्या. "आणि निघताना ज्याने त्याने आपापली खुर्ची उचलून घरी न्या."