स्वावलंबी झाड

"स्वावलंबन शिकावं तर कोरफडीकडून," निवृत्त हेडमास्तर येईल त्या पाहुण्याला ऐकवत. "महिनाभर पाणी दिलं नाही तरी हूं की चूं नाही." खिडकीत ठिपक्यांची, गॅलरीत पट्ट्यांची, फाटकाबाहेर कमरेएवढी काटेरी, विसर नको म्हणून प्रत्येक कुंडीवर नावाची चिठ्ठी. चहा आणून आणून बायकोला हे भाषण तोंडपाठ झालं होतं.

"म्हणजे कुंड्यांची काळजी नाही," एकदा ट्रे ठेवत ती म्हणाली. "ताई दोन वर्षं बोलावतेय. उद्या जाते, आठ दिवसांनी येते."

हेडमास्तरांनी कुंड्यांकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे.



"खुशाल जा. फक्त जाण्याआधी चहा-साखरेच्या डब्यांवर तेवढ्या चिठ्ठ्या लावून जा."