मागल्या दारातली माय

भोकरदनच्या नंदाबाईच्या भुजंगाला डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितल्यावर नातलगांनी घरी यायचं सोडलं. नंदाबाईनं त्याला गोळ्या द्यायचं सोडलं नाही.

“तू माझी माय न्हाईस. माझी माय मागल्या दाराशी उभी हाय,” म्हणत भुजंग ताट भिरकावायचा. ती पुन्हा भाकर वाढायची.

एका दुपारी त्यानं तिच्या हातचा घास मुकाट्यानं खाल्ला. तिच्याकडं निरखून पाहत म्हणाला, “माय, तू जेवली का?”

नंदाबाईनं त्याच्याच ताटातला घास घेतला.

तेवढ्यात मागलं दार वाजलं. बाहेरून हुबेहूब तिच्याच आवाजात हाक आली, “भुजंगा, दार उघड रं.”

भुजंग उठू लागला. नंदाबाईनं त्याला खाली बसवलं, जाऊन दाराची कडी दोन्ही हातांनी दाबून धरली अन् ओरडली, “ह्याची माय घरात हाय!”

बाहेरची रडू लागली.